सर्पदंश, कुत्री आणि एक बंद झालेली फाईल

शासनयंत्रणा ज्याची मोजणी करते त्याचीच काळजी घेते, असे अर्थशास्त्राच्या वर्गात कुणी शिकवले नव्हते. सरकारी नोकरीत ते हळूहळू कळत गेले. ज्या तक्त्यात रकाना नाही त्या दुःखासाठी तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून पुढच्या वर्षीही रकाना नाही. या चक्राचे एक जुने आणि काहीसे विचित्र उदाहरण रायपूरला आल्यावर माझ्या वाचनात आले. त्यात साप आहेत, कलकत्त्याची बेवारशी कुत्री आहेत, एक सरकारी समिती आहे आणि मुंबईच्या परळची एक प्रयोगशाळाही आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना ते रोचक वाटेल, म्हणून येथे मांडतो.

छत्तीसगडमध्ये पावसाळा हा सापांचा ऋतू. धानाच्या खाचरांत पाणी भरले की उंदीर बांधांवर आणि घरांत येतात व त्यांच्या मागोमाग साप येतात. आपण ज्याला नाग म्हणतो त्याला येथील खेड्यांत डोमी म्हणतात, मण्यारीला करैत. जशपूर जिल्ह्याच्या एका भागाचे तर नागलोक असेच नाव पडले आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास अडकू लागतो, तेव्हा कुठे घरच्यांना कळते. कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो सापाला पाहून पळत नाही, समोर जाऊन भुंकतो. म्हणून त्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. अंगणात घरच्यांच्या आणि सापाच्या मध्ये उभे राहून मेलेल्या कुत्र्याची गोष्ट येथील बहुतेक गावांत ऐकायला मिळते. नोंद मात्र कोठेच नाही.

माणसांची नोंद केव्हा सुरू झाली? भोसल्यांच्या राज्यातून इंग्रजांकडे गेलेला हा मुलूख १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. गावचा कोटवार जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर देई, ठाण्यातून ती जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून नागपूरला जाई. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील शस्त्रक्रियेचे प्राध्यापक जोसेफ फेअरर यांनी निरनिराळ्या प्रांतांकडून १८६९ या एका वर्षातील सर्पदंशाचे मृत्यू मागवले. बंगालपासून पंजाबपर्यंत आणि मध्य प्रांतासह आलेली बेरीज ११,४१६ होती. मुंबई व मद्रास इलाखे त्यात नव्हते. ही संख्या खूपच अपुरी आहे, हे फेअरर यांनाही ठाऊक होते. तरीही साप हा केवळ लोककथेचा विषय नसून राज्यकारभाराचा प्रश्न आहे, असे या बेरजेमुळे प्रथमच कागदावर आले.

त्यानंतर वन्य पशू व सर्प यांनी मारलेल्या माणसांचे आणि गुराढोरांचे वार्षिक तक्ते नियमित होऊ लागले. बैल मेला तर नांगर थांबतो आणि नांगर थांबला तर सारा थकतो. त्यामुळे गुरांना रकाना मिळाला. कुत्र्याने सारा भरायचा नसतो. त्याला रकाना मिळाला नाही. येथे कुणाच्या निष्ठुरतेचा प्रश्न नाही. महसुली हिशेबाची नजरच तशी असते.

मात्र कुत्रा या कथेत दुसऱ्या दाराने शिरला. फेअरर यांनी १८६७ पासून सुमारे तीन वर्षे कलकत्त्यात सर्पविषाचे शेकडो प्रयोग केले. त्यांचे मुख्य प्रयोगप्राणी होते कोंबड्या आणि रस्त्यावरची कुत्री. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचा दंश घडवून आणायचा आणि पहिले लक्षण किती मिनिटांनी दिसले, पाय केव्हा लुळे पडले, श्वास केव्हा थांबला, हृदय केव्हा थांबले, हे घड्याळ लावून लिहायचे. त्या काळी प्रचारात असलेली औषधे, मुळ्या आणि सर्पमणी यांचीही परीक्षा त्यांनी अशीच घेतली. बहुतेक सर्व निरुपयोगी ठरले. १८७२ साली लंडनमध्ये त्यांचा भारतातील विषारी सर्पांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील सापांची सुंदर रंगीत चित्रे कलकत्त्याच्या सरकारी कला-विद्यालयातील भारतीय चित्रकारांनी काढलेली होती.

हे प्रयोग आज वाचताना मन अस्वस्थ होते. इंग्लंडमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांना बंधन घालणारा कायदा १८७६ साली झाला, पण तो हिंदुस्थानला लागू नव्हता. आपल्याकडे अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने झाली. तोपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्याला ना मालक होता, ना कायदा. पण केवळ निषेध करून पुढे गेलो तर त्या कुत्र्यांच्या मरणातून काय हाती लागले होते आणि आपण त्याचे काय केले, हा अधिक कठीण प्रश्न बाजूला राहतो. मला त्या प्रश्नातच अधिक रस आहे.

हाती लागले होते ते असे. फेअरर विलायतेस परतल्यावर त्यांनी लॉडर ब्रंटन या तरुण शरीरशास्त्रज्ञाच्या सहकार्याने काम पुढे नेले. नागाच्या विषाने प्राणी मरतो तो मुख्यतः श्वास थांबल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिले. विष स्नायूंना आज्ञा पोहोचू देत नाही. छाती हलायची थांबते. पण हृदय मात्र त्यानंतरही काही काळ धडधडत असते. मग श्वासनलिकेत नळी घालून भात्याने हवा दिली तर? तसे केल्यावर एरवी काही मिनिटांत थांबणारे हृदय कित्येक तास चालू राहिले. श्वास पुरेसा वेळ चालू ठेवता आला तर शरीर विष बाहेर टाकील आणि प्राणी जगेल, अशी आशा त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधांत व्यक्त केली.

आपत्कालीन उपचारांच्या इतिहासात हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. मृत्यू ही एकच घटना नसून ती एकापाठोपाठ येणाऱ्या घटनांची साखळी आहे, आणि साखळीतील एक कडी बाहेरून हाताने धरून ठेवता येते, हा आजच्या प्रत्येक अतिदक्षता विभागाचा मूळ विचार आहे.

यानंतर शासन पुढे सरसावले. मेलबर्नचे प्राध्यापक हॅलफर्ड यांनी शिरेतून अमोनिया टोचल्यास सर्पदंश बरा होतो, असा दावा केला होता आणि त्याचा बराच गवगवा झाला होता. तो दावा आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास या दोहोंची परीक्षा घेण्यासाठी कलकत्त्यात समिती नेमण्यात आली. एवर्ट, रिचर्ड्स आणि मॅकेंझी हे तिचे डॉक्टर. १८७४ साली तिचा अहवाल आला. पुन्हा कुत्री, पुन्हा साप, पुन्हा घड्याळ. अमोनियाचा काहीही उपयोग नाही, हा निष्कर्ष निःसंदिग्ध होता आणि तो बरोबरही होता. कृत्रिम श्वासाने आयुष्य कित्येक तास लांबते, हेही समितीने मान्य केले. परंतु पुरेपूर विष भिनलेला प्राणी अखेरीस वाचला नाही, हेही नोंदवले.

समितीचे काम प्रामाणिक होते. जे दिसले ते तिने लिहिले. पण प्रशासनात अहवाल जसा लिहिला जातो तसा वाचला जात नाही. 'आयुष्य लांबते, पण प्राणी वाचत नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक असा की, उपाय व्यर्थ आहे. दुसरा असा की, उपाय अपुरा आहे, त्याला आणखी वेळ हवा, बरे यंत्र हवे आणि जोडीला दुसरे औषध हवे. वाचणाऱ्यांनी पहिला अर्थ घेतला. तेही समजण्यासारखे आहे. रायपूर जिल्ह्यातल्या कुठल्या गावात रात्रभर भाता चालवणारा माणूस मिळणार होता? ज्या उपायाची अंमलबजावणी करता येत नाही त्याची फाईल कोणीही अधिकारी बंदच करतो. ती बंद करताना 'आज शक्य नाही' असा शेरा मारायचा असतो. आपण 'उपयोग नाही' असा मारतो. या दोन शेऱ्यांतील अंतर कधी कधी ऐंशी वर्षांचे असते.

मधल्या काळात वाटण्याजोगे उपाय आले. पहिला उपाय बक्षिसाचा. साप मारून आणा, पैसे घ्या. फेअरर स्वतः या योजनेचे पुरस्कर्ते होते. आमच्या रत्नागिरीत फुरशांवर बक्षीस लावल्यावर मारलेल्या फुरशांचा आकडा लाखांच्या घरात गेला. कोकणातली फुरशी काही संपली नाहीत. बक्षिसासाठी लोक साप पाळू लागले, ही दिल्लीची प्रसिद्ध गोष्ट होर्स्ट झीबर्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली आपल्या पुस्तकाच्या नावातच घातली. त्या गोष्टीला पक्का कागदोपत्री आधार नाही, तरी अर्थशास्त्राचे शिक्षक ती सांगायचे सोडत नाहीत. मला त्यापेक्षा साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: मेलेला साप मोजता येतो, वाचलेला माणूस मोजणे अवघड असते; म्हणून पैसा सापाकडे गेला.

दुसरा उपाय अधिक बोधप्रद आहे. १९०४ साली ब्रंटन, फेअरर आणि लिओनार्ड रॉजर्स यांनी एक लहानसे शस्त्र पुढे आणले. लाकडी मुठीत छोटे पाते आणि पोटॅशियम परमँगनेटचे खडे. दंशाच्या जागी चिरायचे आणि खडे चोळायचे. काचेच्या नळीत परमँगनेट विष नष्ट करते, ही गोष्ट खरी होती. ब्रंटन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रे स्वस्त होती, खिशात मावत होती, हजारोंनी भारतभर गेली. पुढे भारतातच झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले की शरीरात पसरलेल्या विषापर्यंत ते औषध पोहोचतच नाही. उलट चिरण्याने आणि चोळण्याने जखम चिघळते. तरीही दंशाच्या जागी चिरण्याची सवय खेड्यांतून आजही पूर्णपणे गेलेली नाही.

नावे पुन्हा पाहावीत. ज्या दोघांनी श्वासाचे सत्य शोधले त्याच दोघांच्या नावाने तीस वर्षांनी हे शस्त्र आले. ते अप्रामाणिक नव्हते. गावोगावी पोहोचेल असे काहीतरी हवे होते, आणि पोहोचणे हाच निकष झाला की परिणामकारकतेचा निकष नकळत मागे पडतो. जे खरे होते ते वाटता येत नव्हते. जे वाटता येत होते ते खरे नव्हते. शासकीय योजनांच्या मूल्यमापनात वाटप झालेल्या वस्तूंची संख्या पहिल्या पानावर पाहिली की मला ते शस्त्र आठवते.

याच काळात खरा उपाय दुसऱ्या दिशेने आला. १८९४ च्या सुमारास पॅरिसमध्ये फिसालिक्स व बर्त्रां आणि स्वतंत्रपणे आल्बेर काल्मेत यांनी प्रतिविषाचा शोध लावला. घोड्याला थोडे थोडे विष टोचत गेले की त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. त्या रक्तद्रवाने दुसऱ्याला वाचवता येते. एकच प्रतिविष सर्व सापांना चालेल, असे काल्मेत यांचे म्हणणे होते. ते चूक असल्याचे ज्यांनी दाखवून दिले त्यांत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज लॅम हे एक होते. मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली आलेली ती हीच प्रयोगशाळा. १९२५ पासून आपण तिला हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. नागाचे प्रतिविष घोणशीच्या विषाला चालत नाही, हा या संशोधनाचा धडा. म्हणूनच भारतात पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच बहुगुणी प्रतिविष तयार होऊ लागले. हाफकिनच्या कुपीने कितीतरी पिढ्या वाचवल्या. त्यामागे घोड्यांचे रक्त आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

आणि श्वासाचे काय झाले? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळीपाळीने हाताने पिशवी दाबायला बसवले. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि आधुनिक अतिदक्षता विभागाचा पाया घातला गेला. कलकत्त्याच्या भात्यात आणि कोपनहेगनच्या पिशवीत तत्त्वाचा फरक नव्हता. फरक होता तो चिकाटीचा आणि ती पिशवी आळीपाळीने दाबणाऱ्या हातांच्या संख्येचा.

मण्यारीच्या बाबतीत हे तत्त्व विशेष निर्णायक आहे. तिचे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करते. एकदा ती निकामी झाली की प्रतिविष त्यांना परत आणू शकत नाही. नवी टोके येईपर्यंत, म्हणजे काही दिवस, श्वास बाहेरून चालू ठेवावा लागतो. तो चालू राहिला तर रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. १८७० च्या दशकात फेअरर आणि ब्रंटन यांना जे वाटले होते ते अगदी हेच.

आता हे ज्ञान ज्यांच्या प्राणांवर मिळवले त्यांच्याकडे परत येऊ लागले आहे. अमेरिकेत पशुवैद्यकांची आपत्कालीन व अतिदक्षता उपचारांची संघटना १९७८ साली स्थापन झाली. कुत्र्यामांजरांचे हृदय बंद पडल्यास काय करावे, याची पुराव्यावर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वे २०१२ साली प्रथम आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेले एक काम तर थेट आपल्या विषयाचे आहे. तेथील एका जहाल सापाच्या दंशानंतर प्रतिविषाशिवाय सुमारे ३१ टक्के कुत्री वाचतात, पण मांजरे ६६ टक्के. हे का, याचा शोध घेताना त्यांना आढळले की या विषाने कुत्र्याचे रक्त मांजराच्या रक्तापेक्षा फार लवकर गोठते. त्यामुळे कुत्र्याच्या मालकाच्या हाती कमी वेळ असतो. मांजराला नऊ जन्म असतात असे म्हणणाऱ्यांनी निदान एका जन्माचा हिशेब तरी आता मांडला, असे म्हणता येईल!

रायपूरला परत येतो. येथून जवळच दुर्ग जिल्ह्यातील अंजोरा येथे १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २०१२ साली कामधेनू विद्यापीठही स्थापन झाले. गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतल्या एका कुत्र्याला घोणस चावली. पशुवैद्यकांनी थोडे रक्त काचेच्या नळीत घेतले, वीस मिनिटे हलवले नाही आणि मग नळी आडवी केली. रक्त गोठले नव्हते. ही साधी परीक्षा माणसांच्या इस्पितळातही अशीच करतात. मग प्रतिविषासाठी औषधांच्या दुकानांत धावाधाव झाली, कारण ते माणसांसाठीच बनलेले असते आणि पशुवैद्यकही तेच वापरतात. येथे आणखी एक पेच आहे. मात्रा शरीराच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. सापाने जितके विष सोडले तितके निष्प्रभ करायचे असते. त्यामुळे पंधरा किलोच्या कुत्र्यालाही अनेक कुप्या लागू शकतात. तो कुत्रा वाचला. पण तुटवड्याच्या काळात त्या कुप्यांवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडला होता. उत्तर माणसाचा हेच आहे. मात्र हा तुटवडा किती, हे मोजल्याशिवाय असे उत्तर देत राहणे ही पळवाट आहे.

माणसांची मोजणीसुद्धा अजून डळमळीत आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००; सरकारी नोंदी याच्या जवळपासही नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशावरील राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे आणि माणूस, प्राणी व पर्यावरण यांचा एकत्र विचार करण्याची भाषाही त्यात आहे. भाषेला रकान्याची जोड हवी. माझ्या मते तीन गोष्टी फारशा खर्चाशिवाय होऊ शकतात.

पहिली, प्रत्येक पशुचिकित्सालयाच्या नोंदवहीत सर्पदंशाचा स्वतंत्र रकाना असावा आणि त्यात कुत्रा-मांजरही यावे. ज्या पाड्यावर पंधरा दिवसांत तीन कुत्री सापाने मेली तेथे पुढचा बळी कोणाचा असू शकतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. कुत्र्याची नोंद ही माणसासाठी पूर्वसूचना ठरू शकते.

दुसरी, जिल्ह्याच्या प्रतिविषाच्या मागणीत पशुवैद्यकांची गरज अंदाजाने का होईना धरावी, म्हणजे ऐन वेळी दोघांनी एकाच कुपीसाठी धावाधाव करणे थांबेल.

तिसरी गोष्ट श्वासाची. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी हातपिशवी तयार झाली. आज ती प्रत्येक रुग्णवाहिकेत असते, फारशी महाग नाही, तिला वीज लागत नाही, आणि तिचा वापर थोड्या प्रशिक्षणाने शिकता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला आणि पशुचिकित्सालयातल्या सहायकाला एकाच वर्गात बसवून तो शिकवता येईल. मोठ्या इस्पितळापर्यंतचे दोन-तीन तास त्या पिशवीने पार पडू शकतात.

१८७४ च्या समितीपुढे नेमका हाच प्रश्न होता आणि तिच्याजवळ हे साधन नव्हते. आज ते आहे. जुना शेरा बदलायला नवीन आयोग नेमावा लागत नाही. जुनी फाईल कोणीतरी उघडून शेवटपर्यंत वाचावी लागते. त्या फाईलमध्ये कलकत्त्याच्या ज्या कुत्र्यांच्या शेवटच्या श्वासांची वेळ मिनिटामिनिटाने लिहून ठेवली आहे, त्यांना नावे नव्हती. त्यांची नोंद मात्र झाली होती, आणि ती अजून उपयोगी पडू शकते.